रात्रीची बस आणि सकाळची कोंडी : म्हापसा-पणजी मार्गाचे प्रकरण

भाच्याने स्कूटर घेतली. पूजा झाली, हँडलला झेंडूची माळ लागली, पेढे वाटून झाले. हळदोण्याला बहिणीच्या अंगणात बसून पेढा खाता खाता मी सहज गोवा सरकारच्या कदंब बसचा विषय काढला. म्हणालो, "अरे, म्हापशाहून पणजीला कदंबची शटल आहे. तिकीट काढलं की बसायला जागा, मध्ये कुठे थांबत नाही. रोजची ही दगदग कशाला ओढवून घेतोस?" तो पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानात कामाला आहे. गोव्यातली दुकाने जशी चालतात तसे हेही चालते : दुपारी बंद, उन्हे कलल्यावर पुन्हा उघडते आणि कुलूप लागते आठला. तो म्हणाला, "मामा, जाईन मी बसने. पण परत कोण आणणार?"

मला उत्तर देता आले नाही. १९८३ ते २०२० मी याच मार्गाने बँकेत गेलो-आलो, तेही बहुतेक बसनेच. आपल्याला या मार्गाचे सगळे कळते अशी माझी समजूत होती. पण माझी बँक संध्याकाळी सुटायची. आठनंतरच्या पणजी बसस्टँडशी माझी कधी गाठच पडली नव्हती. पुढे काही महिने मी मुद्दाम निरनिराळ्या वेळी त्या स्टँडवर जाऊन बसलो, ड्रायव्हर-कंडक्टरांशी बोललो, आणि या तेरा किलोमीटरांबद्दलचे माझे मत बदलले. ते कसे बदलले, ते इथे मांडतो आहे.

रस्ता

म्हापसा बसस्टँडपासून पणजीच्या कदंब स्टँडपर्यंतचे अंतर साधारण तेरा किलोमीटर. मध्ये गिरी, मग पर्वरीची लांबलचक वस्ती, मग उतार आणि मांडवीवरचा पूल. राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सतरा नंबरचा. रस्ता मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत माणूस पणजीत. सकाळी साडेआठ ते दहा या वेळात मात्र घड्याळाकडे न बघितलेलेच बरे.

हा एक रस्ता किती प्रकारची माणसे वाहतो ते पाहिले म्हणजे कोंडीचे नवल वाटत नाही. बार्देशातले नोकरदार, कॉलेजची मुले, पेडण्याहून येणारे. बांद्या-सावंतवाडीकडून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रुग्ण घेऊन येणाऱ्या एमएच-०७ गाड्या. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याची ये-जा. कळंगुट-बागाकडे वळणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे लिहिलेल्या भाड्याच्या गाड्या. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीतच, त्यामुळे अधिवेशन असले की त्यात पोलिसांच्या गाड्यांची भर. शिवाय म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, आणि चवथीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचे, सामान घ्यायला उसळणारी गर्दी.

आता पर्वरीत पाच किलोमीटरहून थोडा लांब सहापदरी उड्डाणपूल उभा राहतो आहे. त्याच्या कामामुळे वळणे, अडथळे आणि धूळ. बसचा थांबा आज कुठे सरकला आहे, हे उतरल्यावरच कळते. हा त्रास काही वर्षांचा, पूल झाला की सुटेल, असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्यासाठी मांडवीवरच्या पुलांची हकीकत आठवावी लागते.

पुलांचा इतिहास

मांडवीवरचा पहिला पूल १९७० सालचा, नेहरूंच्या नावाचा. त्याच्या आधी लोक फेरीबोटीने नदी ओलांडत. ५ जुलै १९८६ ला तो कोसळला आणि आम्ही पुन्हा फेरीबोटीवर आलो. ते दिवस मला चांगले आठवतात. नदीच्या अलीकडच्या काठावर बेतीपर्यंत बस, मग पावसात छत्री सावरत धक्क्यावरची रांग, बोट, आणि पलीकडे उतरून चालत ऑफिस. स्वतःची मोटार असलेला माणूसही आमच्याच रांगेत उभा राहायचा, कारण मोटार बोटीत चढवायची तर त्याहून लांब रांग. हाल झाले, पण सगळ्यांचे सारखे झाले.

नव्वदच्या दशकात जुन्या जागेशेजारी दोन पूल उभे राहिले आणि आता प्रश्न मिटला असे सगळ्यांनी मानले. २०१९ च्या जानेवारीत तिसरा आला : तारांनी तोललेला अटल सेतू, जोडरस्त्यांसकट पाच किलोमीटरच्या वर. फोंडा-मडगावकडे जाणारे पणजीच्या डोक्यावरून निघून जातील आणि खालचे पूल पणजीवाल्यांना मोकळे मिळतील, असा हिशेब होता. काही काळ तो खरा ठरला. मात्र अटल सेतूवर दुचाकींना मज्जाव, म्हणजे म्हापशाहून पणजीला येणारा स्कूटरवाला खालीच राहिला. आणि या रस्त्यावर सकाळी नजर टाकली तर आधी हेल्मेटेच दिसतात.

रस्ता रुंद झाला की काही दिवस वेग वाढतो. मग जो आधी लवकर निघत होता तो सोयीच्या वेळी निघू लागतो, जो बसने जात होता तो मोटार काढतो, जो जातच नव्हता तो जाऊ लागतो, आणि रस्ता पुन्हा पूर्वीइतकाच तुंबतो. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे मांडले होते. पुढे जे. एम. थॉमसन या ब्रिटिश अभ्यासकाच्या कामासह त्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला : गर्दीच्या वेळी मोटारीचा वेग किती राहणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरत नाही, त्याच प्रवासाला बस किंवा रेल्वेने दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो यावर ठरते. दोन्हीकडचा वेळ सारखा होईपर्यंत माणसे इकडून तिकडे सरकत राहतात. म्हणजे बस रडतखडत चालत असेल तर मोटारही कालांतराने तशीच चालू लागते.

हे मोठ्या शहरांवरून काढलेले अनुमान आहे. गोव्याला ते जसेच्या तसे लावणे मला पटत नव्हते, कारण इथे बससेवा वाईट आहे असे मला वाटतच नव्हते. सकाळी तर मुळीच नाही.

बस आहेत की!

कदंब महामंडळ १९८० सालचे. त्याच्या आदल्या वर्षी विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केले होते. मीही त्यात होतो. घोषणा दिल्या, पोलिसांच्या काठ्या चुकवत पळालो. तोवर गोव्यातली बस म्हणजे खासगी मालकाची बस. सवलत द्यायला मालक तयार नव्हते, आणि त्यांना भाग पाडायचे तर सरकारची स्वतःची बस हवी, हे त्या आंदोलनाने पुढे आणले. आमच्या पिढीला कदंबबद्दल जिव्हाळा वाटतो तो त्यामुळे.

या मार्गावर आज दोन तऱ्हेच्या बस धावतात. एक कदंबची शटल. स्टँडवर खिडकीशी रांग लावायची, तिकीट काढायचे, बसमध्ये बसायचे. बसायच्या जागा भरल्या की गाडी सुटते, ती दुसऱ्या स्टँडवरच थांबते. वाटेत कोणी चढत नाही, उतरत नाही, पैशांची खळखळ नाही. या साध्या युक्तीने किती वेळ वाचतो ते महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला दाखवले की तो चकित होतो. मडगाव-पणजी आणि वास्को-पणजी मार्गांवरही हीच पद्धत.

दुसरी खासगी मिनीबस, सगळ्या थांब्यांवर थांबणारी. दारात लोंबकळणारा कंडक्टर "पणजी पणजी पणजी" असे एका श्वासात ओरडतो, आत माणसे चेपून बसवतो आणि "फुडें सर, फुडें सर" (पुढे सरक) करत आणखी चार चढवतो. गिरी-पर्वरीच्या माणसाला शटलचा उपयोग नाही, तो या गाडीवरच अवलंबून.

सकाळी या दोन्ही मिळून सेवा चांगली आहे. पाच-दहा मिनिटे थांबले की काहीतरी मिळते. तरीही माणसे स्कूटर काढतात. मी इतकी वर्षे याचा दोष लोकांना देत आलो : आळस, ऐट, चार पावले चालायचा कंटाळा. भाच्याच्या प्रश्नाने मला संध्याकाळकडे बघायला लावले.

आठनंतर

पणजी स्टँडवर संध्याकाळी सहाला जत्रा असते. सातपर्यंत गजबज टिकते. साडेसातनंतर खासगी बस एकेक करून दिसेनाशा होतात. आठनंतर म्हापशाच्या बाजूला उभे राहिले तर "येईल हो, आत्ता एक येईल" असे सांगणारे लोक भेटतात, आणि ते कोणत्या आधारावर सांगतात हे त्यांनाही ठाऊक नसते.

म्हापशापर्यंत पोचलात तरी काम अर्धेच झाले. भाच्याला जायचे आहे हळदोण्याला, दुसऱ्या कोणाला शिवोलीला, कोणाला अस्नोड्याला, कोणाला कोलवाळला. गावाची शेवटची बस पणजीच्या बसची वाट बघत उभी राहात नाही. दोन्ही गाड्या आपापल्या वेळेला गेल्या आणि मधल्या दहा मिनिटांत माणूस अडकला. मग पायलट शोधायचा, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा भाड्याचा स्वार. ही गोव्याची सुरेख सोय, पण रात्री गावापर्यंतचे त्याचे भाडे दुकानात काम करणाऱ्या पोराला रोज परवडत नाही. मुलीला तर घरूनच फोन येतो, "थांब, आम्ही येतो घ्यायला." म्हणजे तिच्यासाठी एक मोटारसायकल रिकामी पणजीला येते आणि परत जाते.

म्हणून तो पोरगा सकाळीच स्कूटर काढतो. ज्या वेळी दर पाच मिनिटांनी बस आहे त्याच वेळी, रात्री बस नसते म्हणून. स्कूटर म्हापशाला किंवा घरी ठेवून सकाळी बसने जाणे आणि रात्री स्कूटरने परतणे शक्य नाही. वाहन सकाळी नेले तरच रात्री हाताशी असते. सकाळी पर्वरीच्या चढावर आपण ज्या दुचाक्यांच्या थव्यात अडकतो, त्यातल्या कितीतरी तिथे सकाळच्या कारणाने नसतातच.

आणि यात फक्त आठला सुटणारे येत नाहीत. हा मुद्दा मला सर्वात उशिरा उमजला. बांबोळीच्या इस्पितळात पाळीने काम करणारी नर्स, हॉटेलातला माणूस, ज्याच्या साहेबाला महिन्यातून चार वेळा संध्याकाळी साडेसातला काम आठवते असा कारकून. हा कारकून एरवी सहाला सुटतो, त्याला बस सहज मिळेल. पण कोणत्या दिवशी उशीर होईल हे त्याला सकाळी कळत नाही. म्हणून तो रोजच स्कूटर आणतो. चार दिवसांच्या भीतीने पंचवीस दिवसांचा निर्णय ठरतो.

उशिराची बस का नसते

खासगी बसमालक म्हणजे कोणी धनदांडगा कंत्राटदार, असे बाहेरच्यांना वाटते. गोव्यात एका गाडीचे, दोन गाड्यांचे मालक फार. कित्येक स्वतःच चालवतात. सकाळी सहाला स्टीअरिंग धरलेला माणूस रात्री आठला घरी जाऊ बघेल यात गैर काही नाही. एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, एकच पाळी.

पण समजा दुसरी पाळी लावली, तरी हिशेब बसत नाही. एका मालकाने मला त्याच्या गाडीच्या पायरीवर बसून तो समजावला. रात्री नऊची फेरी मारली तर म्हापशाकडे जाताना दहा माणसे, येताना गाडी रिकामी. सव्वीस किलोमीटरचे डिझेल, दोघांची मजुरी, आणि कलेक्शन दहा तिकिटांचे. "सांगा, कोण मारणार?" बँकेतल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

पण त्याच बँकेतल्या सवयीने मी घरी कागद घेऊन बसलो. वर सांगितलेला कारकून धरा. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस, जाता-येता मिळून पन्नास तिकिटे. रात्री नऊला बस नक्की आहे असा त्याला भरवसा वाटला आणि त्याने स्कूटर घरी ठेवली, तर त्या नऊच्या बसमध्ये तो चढेल चारदा. उरलेली सेहेचाळीस तिकिटे तो सकाळच्या आणि सहाच्या गाड्यांत काढेल. रात्रीच्या कंडक्टरच्या पिशवीत चार तिकिटांचे पैसे पडले, त्याच्या फेरीमुळे आलेले सेहेचाळीस तिकिटांचे पैसे मात्र दुसऱ्यांच्या पिशवीत गेले.

रात्रीची फेरी तोट्याची दिसते ती यामुळे. तिचे उत्पन्न सकाळी येते, आणि ते येते दुसऱ्याच्या घरी. सगळ्या गाड्यांचे कलेक्शन एकाच पेटीत जात असेल तर तो तोटा तोटा राहात नाही. प्रत्येक गाडी आपले पोट आपण भरत असेल तर नऊची बस कधीच सुटणार नाही, परमिटमध्ये वेळ लिहिलेली असली तरी सुटणार नाही. वाहतूक खात्याने दंड केला तर गाडी "बिघडेल".

सकाळची ओढाताणही याच मुळातून येते. तिकिटावर पोट असले की पुढच्या गाडीच्या आधी थांबा गाठायचा असतो. म्हणून स्टँडवर भरेपर्यंत रेंगाळायचे आणि वाटेत सुसाट पळायचे, म्हणून दोन कंडक्टरांची टायमिंगवरून भांडणे, म्हणून पर्वरीत थांब्यावर गाडी तिरकी घालून मागच्याची वाट अडवायची. दिल्लीत ब्लूलाइन या खासगी बसनी याच शर्यतीत माणसे चिरडली. शेवटी सरकारने त्या गाड्या टप्प्याटप्प्याने रस्त्यावरून काढल्या आणि २०११ पासून किलोमीटरमागे मोबदला देणारी क्लस्टर पद्धत आणली. ड्रायव्हर तेच, रस्ते तेच, फक्त पैसे कशाचे मिळतात ते बदलले.

करून पाहिलेले

गोवा सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २०२३ मध्ये 'म्हजी बस' ही योजना आली. तिचा गाभा हाच : खासगी मालकाने आपली गाडी कदंबच्या वेळापत्रकात चालवायची, तिकिटाचे पैसे महामंडळाकडे जायचे आणि मालकाला किलोमीटरप्रमाणे मोबदला मिळायचा. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही. मालकांचा प्रतिसाद मात्र थंड राहिला. कारण विचारले की प्रत्येक जण वेगळे सांगतो, पण सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट येते : रोज संध्याकाळी हातात पडणारी रोकड सोडून सरकारी बिलाची वाट बघत बसायचे? अनुदानाचे पैसे वेळेवर न आल्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला ही शंका आली तर तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

मुंबईकडे पाहिले तर त्यांच्या शंकेला पुरावाही मिळतो. बेस्टने २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले, भाडेतत्त्वावर गाड्या घेतल्या, प्रवासी वाढले. पुढे त्या भाड्याच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांना पगार पुरेनासे झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी ड्रायव्हर संपावर गेले आणि काही कंत्राटदारांनी गाड्याच काढून घेतल्या. किलोमीटरचा दर डिझेल आणि मजुरीबरोबर वाढला नाही तर ही पद्धतही मान टाकते. दर ठरवायचा तर तो दर काही महिन्यांनी आपोआप बदलेल असा ठरवावा लागतो, आणि पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पडावे लागतात. बाकी सगळे नंतर.

पणजी शहरात २०२४ पासून विजेवरच्या बस शहरी मार्गांवर धावतात. त्या आल्या तेव्हा तिथल्या खासगी बसमालकांचा रोष झाला, तो अजून धुमसतो. पण प्रवासी म्हणून सांगतो, स्टँडवरून मिरामार किंवा दोनापावलाला जाणे पूर्वीपेक्षा सुखाचे झाले आहे. शटलने आलेल्या माणसाचा पणजीतला शेवटचा टप्पा सुटला. म्हापशाच्या बाजूचा सुटलेला नाही.

किती माणसे, किती रस्ता

एवढ्याने कोंडी कमी होईल का, असे इंजिनीअर मित्र विचारतात. त्यांच्यासाठी थोडे आकडे. रस्त्यावर कोणते वाहन किती जागा खाते हे मोजायला इंडियन रोड्स काँग्रेसने मोटारीला एकक धरले आहे. शहरी रस्त्यांच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत वाहनांच्या मिश्रणानुसार दुचाकी अर्धी ते पाऊण मोटार, बस २.२ ते ३.७ मोटारी. मधला आकडा, म्हणजे बस तीन मोटारींएवढी धरू. चाळीस माणसे बसलेल्या एका बसला तीन मोटारींची जागा लागते. तीच चाळीस माणसे एकेकटी स्कूटरवर आली तर कमीत कमी वीस मोटारींची. मोटारीने, प्रत्येक गाडीत दीड माणूस धरून, सत्तावीस मोटारींची. उरलेले गणित तुम्हीच करा.

आणि कोंडी सरळ रेषेत वाढत नाही. रस्ता काठोकाठ भरला की शेवटची थोडी वाहने सगळा खोळंबा करतात. शाळांना सुट्टी पडली की पर्वरी कशी मोकळी होते ते इथले सगळे जाणतात, आणि तेव्हा रस्त्यावरून काही निम्मी वाहने गेलेली नसतात. शंभरातली दहा-बारा हटली की फरक दिसतो. म्हणून सगळ्या गोव्याने स्कूटर विकावी, असे माझे मागणे नाही. इथली वस्ती विखुरलेली आहे, वाडा-वाड्याला बस जाणार नाही, दुचाकी राहणारच. ज्याला बसने यायची इच्छा आहे आणि फक्त परतीच्या चिंतेने येत नाही, तेवढाच माणूस धरायचा आहे.

उड्डाणपुलाचा प्रश्न इथे येतो. लांबचे लोक वरून निघून गेले की पर्वरीचा खालचा रस्ता काही काळ मोकळा दिसेल. तो काळ फार थोडा असेल. त्यातच सकाळ-संध्याकाळ एक पदर बससाठी राखला तर राखला. वर्षभर उशीर केला की तो पदर पार्किंग, फळविक्रेते आणि "दोनच मिनिटे" थांबलेल्या मोटारींनी भरून जाईल, आणि तिथून त्यांना उठवायला मग कोणाची हिंमत होणार नाही. बस स्कूटरवाल्याच्या डोळ्यादेखत पुढे निघून गेली पाहिजे. याहून चांगली जाहिरात मला तरी सुचत नाही.

माझी सूचना

ती लहान आहे. पणजीहून म्हापशाला साडेआठ, नऊ, साडेनऊ आणि दहा अशा चार फेऱ्या, सुट्टीचे दिवस धरून, सहा महिने. कदंबच्या गाड्या किंवा किलोमीटरने घेतलेल्या खासगी, दोन्ही चालतील. मात्र प्रत्येक फेरीला म्हापसा स्टँडवर हळदोणे, शिवोली, अस्नोडा आणि कोलवाळ या चार दिशांच्या गाड्या उभ्या हव्यात, आणि पणजीची बस आल्याशिवाय त्यांनी हलायचे नाही. पणजीची बस पंधरा मिनिटे उशिरा आली तर त्याही पंधरा मिनिटे उशिरा. त्या गाड्या लहान असल्या तरी हरकत नाही, दहा-बारा जागांची व्हॅनही पुरे.

सहा महिने का, तीन का नाहीत? पहिले दोन महिने या गाड्या रिकाम्या धावतील. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. एखादी सेवा पेपरात फोटो छापून सुरू होते आणि पावसाळ्याबरोबर बंद पडते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. स्कूटर विकायला किंवा नवी न घ्यायला माणसाला एक पूर्ण पावसाळा ती बस चालताना दिसावी लागते. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी अधिकारी रात्रीच्या फेरीतली डोकी मोजेल, "सरासरी सात प्रवासी" असा शेरा मारेल आणि सेवा बंद करायची फाइल हलेल. त्याआधीच लिहून ठेवावे लागेल की या फेऱ्यांचे यश रात्री मोजायचे नाही. सकाळी आठ ते दहा म्हापसा स्टँडच्या खिडकीवर किती शटलची तिकिटे गेली, पास किती निघाले, हा आकडा बघायचा.

याला येणारा खर्च कोणी काढावा तो काढो. त्याच्याशेजारी मांडवीवरच्या पुलांचा आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाचा खर्च ठेवला की चार फेऱ्यांचे डिझेल कोणाच्या नजरेतही भरणार नाही. पण पुलाची कोनशिला बसवता येते. रात्री साडेनऊच्या बसचे उद्घाटन करायला कोण येणार?

बेती-पणजी फेरीबोटीबद्दलही लिहायचे मनात होते. पायी जाणाऱ्याला ती फुकट, आणि बेतीहून वर पर्वरीला एक छोटी बस सतत फिरती ठेवली तर पर्वरीतले कितीतरी लोक पूल न चढताच पणजीत उतरतील. पण तो वेगळा विषय आहे, आणि बोटीवरून मी एकदा सुरू झालो की थांबत नाही अशी घरात तक्रार आहे.

भाच्याला हे सगळे वाचून दाखवले. तो मन लावून ऐकत होता. मग विचारले, "आणि मामा, दहाची बस चुकली तर?" मी म्हणालो, "तर पायलट. महिन्यातून एकदा परवडेल." त्याने थोडा विचार केला. "एकदा परवडेल," तो म्हणाला, आणि स्कूटरचे हप्ते अजून किती उरलेत ते बोटांवर मोजू लागला.